मदत हवी आहे: हेराल्डची डावी फिन उजवीसारखी करून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

मामांची स्टँडर्ड हेराल्ड बऱ्याच वर्षांनी शेडमधून बाहेर काढली आहे. दोन दरवाज्यांची, मद्रासच्या कारखान्यातली, 948 सीसीची. इंजिन मिस्त्रींनी हातात घेतलंय, त्याची मला काळजी नाही. कोल्हापुरात इंजिनासाठी कुणाचं अडत नाही. माझं घोडं अडलंय ते गाडीच्या मागच्या बाजूला.

डाव्या मडगार्डला कधीकाळी ट्रक घासला होता. ज्यानं तेव्हा डेंटिंग केलं त्यानं पत्रा बाहेर काढायचे कष्ट न घेता वरून पुट्टी थापून आकार दिला. परवा रंग खरवडला तर फिनच्या, म्हणजे मागच्या मडगार्डवरच्या उंच कडेच्या, टोकाजवळ अर्धा इंच पुट्टी निघाली आणि खालचा पत्रा पार कुजलेला. कोल्हापूरचा पावसाळा आणि ओल धरणारी पुट्टी, दुसरं काय होणार! उजवी फिन मात्र अस्सल आहे. दरवाज्याच्या मागून निघालेली कड हळूहळू वर चढते, डिकीच्या शेवटाला दिव्याच्या डोक्यावर येते आणि तिथे किंचित बाहेरच्या अंगाला झुकते. त्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं तरी कळतं की हा आकार कुणीतरी जीव लावून काढलाय. काढला होता जोव्हानी मिकेलोत्तीनं, इटलीतल्या तुरीनमध्ये बसून.

घरात दोन मतं पडली आहेत. मावसभाऊ म्हणतो, दोन्ही फिन कापून गोल करून टाक, एलईडीची पट्टी लाव, गाडी स्वच्छ दिसेल. मला ते अजिबात मान्य नाही. हेराल्डला पुढे हेडलाइटवर जी भुवई आहे तिचंच उत्तर मागे फिनमध्ये आहे. मागचं कापलं तर पुढचंही निरर्थक होईल.

गाडी मागून बघायची मला लहानपणापासूनची सवय आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दी पुढून फोटो काढते, मी मागच्या अंगाला जागा धरतो. गाडी पुढून सगळ्यांना सारखंच सामोरी येते. ती काढणाऱ्याला शेवट कुठे आणि कसा करायचा हे कळलं होतं का, ते मागूनच दिसतं.

फिनचा सगळा इतिहासच बघा. 1948 च्या कॅडिलॅकवर पहिल्यांदा लहानशा फिन आल्या, त्या लॉकहीडच्या पी-38 लायटनिंग विमानाच्या दोन शेपट्या बघून. मग चढाओढ लागली. 1957 च्या शेव्हरले बेल एअरच्या डाव्या फिनमागच्या क्रोमच्या पट्टीत पेट्रोलचं झाकण लपवलेलं आहे. माहीत नसलेला माणूस पंपावर शोधत बसेल. आणि 1959 साली तर कळसच झाला. कॅडिलॅकच्या फिन सगळ्यात उंच झाल्या, मधोमध गोळीच्या आकाराचे दोन-दोन लाल दिवे. त्याच वर्षीच्या इम्पालानं फिन उभ्या न ठेवता घारीच्या पंखांसारख्या आडव्या पसरल्या, खाली अश्रूच्या आकाराचे दिवे. मला विचाराल तर मोठ्या गाड्यांत 1959 च्या इम्पालाइतकी धाडसी मागची बाजू दुसरी नाही. 1960 ला तिचे पंख आखडले आणि गोल दिवे आले. तीही देखणीच, पण ती रग गेली.

त्याच 1959 मध्ये मर्सिडीजनंही डब्ल्यू 111 ला फिन लावल्या. त्यांचं सांगणं असं की गाडी मागे घेताना कोपरे दिसावेत म्हणून. आणि त्याच वर्षी विलायतेत हेराल्ड आली. आपल्याकडे 1961 पासून. कॅडिलॅकच्या निम्म्याहून लहान इंजिनाची नव्हे, त्याच्या सातव्या हिश्श्याएवढ्या इंजिनाची गाडी, पण शेवट तितक्याच ठामपणे केलेला. शिवाय फिन कामालाही येतात. शुक्रवार पेठेतल्या बोळातून मामा हेराल्ड मागे घ्यायचे तेव्हा काचेतून दोन्ही टोकं दिसायची. ही गाडी 25 फुटांच्या वर्तुळात वळते, त्यामुळे बोळात ती राणीच.

तर आता मदत. पहिलं म्हणजे डावी फिन पत्र्यात ठोकून घ्यावी की उजवीवरून साचा काढून फायबरची करावी? उद्यमनगरातले एक डेंटर काका पत्र्यात करायला तयार आहेत, पण त्यांनी हेराल्ड कधी केलेली नाही आणि त्यांना माप हवंय. दुसरं, डाव्या टेललॅम्पचं क्रोमचं घर फोडांनी भरलंय, एक कान तुटलाय. प्लेटिंगवाला हात लावायला तयार नाही. म्हणतो, मझाक नावाचा धातू आहे, ॲसिडमध्ये विरघळेल. काय करावं?

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात कुणाकडे मूळ अंगाची हेराल्ड असेल तर मागच्या बाजूचे फोटो हवे आहेत. शक्यतो बरोबर मागून, कॅमेरा डिकीच्या कुलपाच्या उंचीला धरून.

---

मिरजकर_हेराल्ड:

दादा, फायबर नको. पत्र्याला जोडलेला फायबर दोन उन्हाळ्यांत सांध्यावर रेघ दाखवतो, मग कितीही रंग द्या.

पण पत्र्याला हात लावायच्या आधी एक गोष्ट करा. हेराल्डचं अंग अखंड नाही, तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर जोडलेलं आहे, छप्परसुद्धा बोल्टवर. मागचा टब, म्हणजे मागच्या अंगाचा तुकडा, चेसिसवर नीट बसला नसेल तर उजवी-डावी कधीच जुळणार नाही आणि तुम्ही दोष फिनला द्याल. आधी शिम (पातळ पट्ट्या) टाकून टब समतल करा, सगळे बोल्ट कसा, दोन्ही दरवाजे आणि डिकी लावा, फटी सारख्या आल्या की मगच पुढे.

मग उजव्या फिनवर दर तीन-चार इंचांवर खूण करा. प्रत्येक खुणेला जाड पुठ्ठ्याचा आडवा छेद कापा, कड तंतोतंत बसेपर्यंत कातरत राहा. छेदांवर नंबर टाका. तेच पुठ्ठे उलटे केले की डाव्या बाजूचे साचे तयार. मागच्या काचेच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि दोन्ही टोकांचं अंतर त्या दोरीपासून मोजा. टोक बाहेर झुकलेलं असतं, त्यामुळे नुसती उंची जुळवून भागत नाही, रुंदीही बघायला लागते. फसतं ते इथेच.

पत्रा 20 गेजचा सीआर (थंड लाटलेला) घ्या. डेंटर काकांना सांगा, एका दमात वेल्डिंग मारायचं नाही. अंतरा-अंतरावर टाके, प्रत्येक टाका थंड होऊ द्यायचा, नाहीतर पत्रा ओढला जाऊन कड वाकते. शक्य असेल तर टिग वेल्डिंग वापरा. मिग वेल्डिंगचा टाका कडक होतो, हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) यांच्याखाली दबत नाही.

---

पॅटर्नवाला_शिरोली:

दिव्याच्या घराचं मी सांगतो, आमचा रोजचा धंदाच तो.

प्लेटिंगवाला खोटं बोलत नाही. मझाक म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, जुनं क्रोम उतरवताना ॲसिड त्यालाच खातं. फोड आतून आलेले असतात, ते कोरून, तांबं चढवून, घासून, पुन्हा तांबं चढवून भरावे लागतात. एवढं करूनही तुटलेला कान राहतोच. सरळ पितळेत ओतून घ्या. पितळेवर निकेल-क्रोम उत्तम बसतं आणि पुढच्या पिढीपर्यंत हलत नाही.

फक्त उजवं घर जसंच्या तसं वाळूत दाबून साचा घेऊ नका. दोन कारणं. एक तर ते उजव्या बाजूचं आहे, डाव्याला त्याचं उलटं रूप लागेल. तुमचं फुटकं डावं घरच मेणानं भरून, कान जोडून पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, म्हणून वापरा. दुसरं, पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. दीडशे मिलिमीटर लांबीला सव्वादोन मिलिमीटर गेले. मग दिव्याची काच बसत नाही, रबर बसत नाही, स्क्रूची भोकं सरकतात. काच जिथे टेकते त्या कडेला पॅटर्नवरच वाढवून घ्या आणि मशिनिंगला थोडा माल सोडा. भोकं ओतीवात ठेवू नका, नंतर पाडा.

नगाला नग ओतणारे लहान फाउंड्रीवाले उद्यमनगरात अजून आहेत. मोठ्या कारखान्यात गेलात तर एका नगासाठी कुणी भट्टी लावणार नाही.

---

डिलाइट_1100:

कामाचं वरच्या दोघांनी सांगितलंच. मी फक्त फियाटची बाजू मांडतो. 1100 डिलाइटच्या मागच्या लहानशा फिन आणि उभे दिवे यांच्याइतकी नेटकी मागची बाजू भारतात दुसरी झाली नाही. 1964 पासून पद्मिनी बंद होईपर्यंत मूळ आकार तोच राहिला, यातच सगळं आलं. आणि दिव्याच्या काचा अजून मिळतात! मावसभावाला मात्र आवरा. कापलेली फिन परत येत नाही.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र्यातच करायचं ठरलं. मिरजकर दादा, तुमचं वाचून काल टबाचे बोल्ट तपासले. डाव्या मागच्या कोपऱ्यात शिमच नाही, टब खाली बसलाय आणि डिकीची फट त्या बाजूला स्पष्ट जास्त दिसते. म्हणजे ट्रक घासल्यावर जे काम झालं त्यात हेही राहून गेलं असणार. आधी तेच करतो, पुठ्ठे त्यानंतर.

डिलाइट दादा, फियाटच्या मागच्या बाजूबद्दल दुमत नाही. पण तिची फिन शांत आहे आणि हेराल्डची टोकदार. मला टोकदारच आवडते.

शिरोलीच्या दादांना एक शंका: फुटक्या घराच्या आतल्या बाजूला बल्बचा होल्डर बसवायची जी बैठक आहे तिथे मझाक भुसभुशीत झालाय, बोटानं चुरा होतो. मेणानं भरलं तर वाळू ठोकताना टिकेल का? की त्या भागाचा लाकडात वेगळा पॅटर्न करून जोडावा?

---

पॅटर्नवाला_शिरोली:

मेण टिकणार नाही. बैठक सागवानात करा आणि एपॉक्सीनं चिकटवा. वाळूतून सुटायला बाजूंना दोन अंश उतार ठेवा. घर घेऊन शिरोलीला या, येताना उजव्या दिव्याची काच आणि रबरही आणा. माप त्यावरूनच घेऊ.