ग्लिटर, ग्लो आणि सांगलीची हळद
ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिंट, ग्लेअर... इंग्रजीत जी-एलने (gl) सुरू होणारे असे कितीतरी शब्द चमकण्याशी जोडलेले दिसतात. कोणी विचारेल, मग ग्लू (गोंद) आणि ग्लव्ह (हातमोजा) कुठे चमकतात? नाहीच चमकत. ग्लू लॅटिनमधून आलेला, ग्लव्हचं कूळ वेगळं. अशा अर्थसूचक ध्वनिजोडीला फोनेस्थीम म्हणतात; भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये हा शब्द वापरात आणला. तो नियम नव्हे, कल आहे. आपला 'झ' बघा ना: झगमग, झळाळी, झिलई, झळकणे. पण झाडू आणि झोपेत कसली आलीय चकाकी!

मी सांगलीकर, त्यामुळे खरी गंमत वाटते ती पुढची. गोल्ड आणि यलो ज्या प्राचीन मुळापासून आले, त्याच मुळाचे संस्कृत 'हरि' (पिवळा) आणि 'हिरण्य'. ग्लो, ग्लासही अनेक अभ्यासक त्याच कुळात धरतात. 'हरि'वरून हरिद्रा, आणि हरिद्रेची झाली हळद. म्हणजे इथल्या मार्केट यार्डात पोत्यांनी सौद्याला येते ती हळद इंग्रजांच्या गोल्डची लांबची चुलत बहीण लागते. भाव मात्र तसा मिळत नाही, ते सोडा.