आईच्या छातीत पुन्हा पुन्हा पाणी होतंय, घरी नळी ठेवावी का?

कृष्णाकाठ_सातारा:
आई ६७ वर्षांची, ब्रेस्ट कॅन्सर. पाच आठवड्यांत तीनदा टॅपिंग (सुईने पाणी काढणं) झालं, दर वेळी लिटर-सव्वा लिटर पाणी. चार दिवस बरी असते, जेवते, मग पुन्हा रात्रभर उशांना टेकून बसते. डॉक्टर म्हणतात कायमची नळी बसवू, पाणी घरीच काढा. नाहीतर टाल्क पावडर सोडून फुप्फुस चिकटवू. घरी मी आणि बाबा. बाबांना रक्त बघूनच गरगरतं. नळी निसटली तर? आंघोळीचं काय? अनुभव असेल तर खरं सांगा.

बापूंचा_थोरला:
बापूंना फुप्फुसाचा कॅन्सर होता, चार महिने ही नळी होती. जागा बधिर करून बसवली, संध्याकाळी घरी. पेन्सिलीहून बारीक, मऊ सिलिकॉनची. थोडी कातडीखालून नेतात. तिथे तिला कापडी पट्टा असतो, त्यात काही आठवड्यांत मांस धरतं. मग सहज निसटत नाही, तोवर जपायचं. बाहेरच्या टोकाची झडप बाटलीची जोडणी लावल्याशिवाय उघडत नाही. तिथे सुई कोणालाही घालू देऊ नका.

पहिल्या वेळी माझे हात कापत होते. चिमटा सोडला की कोऱ्या चहासारखं पाणी सळकन बाटलीत. सहाशे-सातशेला बापू खोकायचे, "बास, ओढतंय," की बंद. फुप्फुस फुलताना असं होतं म्हणे. एका वेळी लिटरच्या वर जायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. आकडा बापू स्वतः कालनिर्णयवर लिहायचे, दुधाच्या हिशेबाशेजारी. महिनाअखेर आईने दोन्हींची बेरीज करून गवळ्याशी वाद घातला!

राग एकाच गोष्टीचा: खर्चाचं आधी कोणी बोललं नाही. नळी एकदाच, पण व्हॅक्यूमची बाटली दर वेळी नवी. आमची दमछाक झाल्यावर डॉक्टरांनी निर्जंतुक पिशवी जोडून खाली टांगायला शिकवलं. हळू येतं, पण येतं. तुम्ही बसवायच्या आधीच विचारा.

टाल्कचं म्हणाल तर बापूंचं फुप्फुस पाणी काढूनही फुलत नव्हतं. फुप्फुसावरचा आणि छातीच्या आतला, हे दोन पडदे एकमेकांना टेकलेच नाहीत तर पावडर चिकटवणार काय? टॅपिंगनंतरच्या एक्स-रेत तुमच्या आईचं फुललं का, ते आधी बघा.

निवृत्त_सिस्टर:
ताप, जागा लाल होणं, गढूळ पाणी: त्याच दिवशी दाखवा. नळी चुकून कापली गेली तर आईच्या बाजूने चिमटून धरा आणि निघा. टाके निघेपर्यंत अंग पुसून घ्या, नंतर वर पाणी न शिरणारी पट्टी लावून आंघोळ चालते. सलग तीन वेळा ५० मिलीच्या आत आलं तर कळवा. काहींचे पडदे आपोआप चिकटतात, नळी काढता येते. पण पाणी कमी आणि दम तसाच, तर नळी तुंबली असेल, थांबू नका.

कृष्णाकाठ_सातारा:
रिपोर्ट आत्ता काढून वाचला. फुप्फुस पूर्ण फुललेलं नाही असंच लिहिलंय, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सोमवारी पिशवीचंही विचारते. बाबा म्हणाले, आकडा मी लिहीन, फक्त बाटलीवर टॉवेल टाक.