१-यू क्यूबसॅटचं प्रशिक्षण : आधी सांगाडा की आधी फ्लॅटसॅट?

ध्रुवमत्स्य :
तिसऱ्या वर्षाचे २४ विद्यार्थी आहेत. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर मिळून. १२ आठवडे, आठवड्याला एक पूर्ण दिवस. उपग्रह सोडायचा नाही, पण शेवटी १-यू क्यूबसॅटचं, म्हणजे साधारण १० सेंमीच्या घनाएवढ्या छोट्या उपग्रहाचं, चालतं मॉडेल हवं. सध्याचा आराखडा : पहिले चार आठवडे कॅड आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा, पुढचे पाच इलेक्ट्रॉनिक्स, उरलेले सॉफ्टवेअर आणि चाचण्या. सांगाडा लवकर हातात आला की मुलांचा हुरूप टिकतो, हा त्यामागचा हिशेब. काही चुकतंय का? आणि त्याआधी कॅनसॅट (डब्याएवढा, उंचावरून खाली सोडायचा उपग्रहाचा नमुना) करून घ्यावा का?

टाचणी :
क्रम नेमका उलटा आहे. सांगाड्यात ठरवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. कॅल पॉली आणि स्टॅनफर्डने १९९९ मध्ये सुरू केलेल्या मानकात मापं बांधलेली आहेत : १०० × १०० × ११३.५ मिमी, कोपऱ्यांच्या रेल्स किमान ८.५ मिमी रुंद. चार आठवडे घालून मुलं तेच चित्र पुन्हा काढणार. शिवाय बोर्डं रचून आत गेली की मल्टिमीटरचं टोक कुठेच पोचत नाही. एक सैल तार शोधायला सगळी चळत उतरवा.

म्हणून आधी फ्लॅटसॅट. सगळी बोर्डं टेबलावर पसरलेली, लांब तारांनी जोडलेली, प्रत्येक सप्लायवर मोजायला जागा ठेवलेली. सांगाडा आठव्या आठवड्यानंतर, तोही आधी थ्रीडी प्रिंट करून.

पहिले दोन दिवस सोल्डरिंगला हात नको. वस्तुमान, वीज आणि डेटा यांचे ताळेबंद, आणि इंटरफेसचा तक्ता : कुठला कनेक्टर, कितवी पिन, किती व्होल्ट, जास्तीत जास्त किती करंट, पाठवतं कोण, घेतं कोण. हमखास होणारी चूक अशी, की दोन ओळींच्या कनेक्टरच्या पिना एका गटाने वरून पाहून मोजल्या आणि दुसऱ्याने खालून. कागदावर दोन्ही बरोबर. जोडल्यावर १ नंबर २ वर जातो आणि ५ व्होल्ट थेट ग्राउंडवर. त्यामुळे कनेक्टर बसवण्याआधी दोन्हीकडची ग्राउंड पिन मीटरवर वाजवून बघायची, आणि पहिला सप्लाय १०० मिलिअँपियरचं करंट लिमिट लावूनच द्यायचा.

कॅनसॅट ज्यांनी कधी सोल्डर केलं नाही त्यांच्यासाठी ठीक. पण तो बॅटरीवर काही मिनिटं उडून खाली येतो. पृथ्वीच्या सावलीत, ऊन नसताना, तग धरायचं शिकवत नाही.

लोहचुंबक :
सहमत. विजेचा ताळेबंद मात्र आधी फळ्यावर हाताने करून घ्या. एका बाजूला प्रत्येकी ३० चौसेंमीचे दोन ट्रिपल-जंक्शन सौर सेल : ६० चौसेंमी × ०.१३६१ वॅट ऊन दर चौसेंमीला × ०.२८ कार्यक्षमता, म्हणजे ऊन सरळ पडलं तर सुमारे २.३ वॅट. पाच बाजूंना सेल आहेत आणि घन कसाही गडगडतोय, तर सरासरी सव्वा बाजूंइतकं ऊन मिळतं : २.९ वॅट. तापमान आणि कन्व्हर्टर यांत २० टक्के गेले, राहिले २.३. ५०० किमी उंचीवर फेरी साधारण ९४.५ मिनिटांची आणि त्यात ३६ मिनिटांपर्यंत सावली. हाती सरासरी १.४ वॅट.

आता १ वॅट रेडिओ पॉवर देणारा ट्रान्समीटर ४० टक्के कार्यक्षमतेने अडीच वॅट खेचतो. सतत चालू ठेवायचा विषयच संपला. १० टक्के वेळ चालवला तर पाव वॅट. एवढं मांडलं की ‘कॅमेराही लावू, जीपीएसही लावू’ आपोआप थांबतं.

नंतर खरी परीक्षा. पॅनेलच्या जागी करंट लिमिट लावलेला सप्लाय, टायमरवर ५८ मिनिटं चालू, ३६ बंद, सलग १५ फेऱ्या. दर फेरीअखेर बॅटरीचा व्होल्टेज टिपायचा. तो फेरीगणिक उतरत असेल तर ताळेबंद खोटा आहे, मग एक्सेल काहीही म्हणो.

कातरवेळ :
सॉफ्टवेअर शेवटी ढकलू नका, एवढीच माझी तक्रार. उदाहरण आय-टू-सीचं, म्हणजे डेटा आणि क्लॉक अशा दोन सामाईक तारांवर (बस) कंट्रोलर आणि सेन्सर बोलतात त्या पद्धतीचं. सेन्सरचं रीडिंग अर्ध्यावर असताना कंट्रोलर रीसेट झाला, तर सेन्सर डेटाची तार खाली ओढून धरतो आणि क्लॉकच्या पुढच्या ठोक्यांची वाट बघत बसतो. सगळी आय-टू-सी बस गप्प. वॉचडॉगने (अडकलेल्या कंट्रोलरला रीसेट करणारा टायमर) कंट्रोलरला कितीदाही उठवलं तरी उपयोग नाही, कारण अडकलाय सेन्सर. उपाय दोन : सुरू होतानाच क्लॉकवर ९ ठोके द्यायचे, आणि सेन्सरांचा सप्लाय तोडता येईल अशा लोड स्विचमधून न्यायचा. त्यांचे पुल-अपही (तारा एरवी वर ओढून धरणारे रोध) त्याच स्विचमागे हवेत, नाहीतर सेन्सर सिग्नलच्या तारेतूनच अर्धामुर्धा जिवंत राहतो. हे बोर्ड बनून आल्यावर सुचून काय फायदा? सॉफ्टवेअरवाले पहिल्या दिवसापासून त्या तक्त्यापाशी बसलेले हवेत.

परीक्षा सोपी : चालू यंत्रणेत डेटाची तार चिमट्याने ग्राउंडला टेकवा, सोडा, आणि कोणीही हात न लावता ती सावरते का बघा.

ध्रुवमत्स्य :
क्रम बदलतो. पण व्हायब्रेशन टेबल नाही, व्हॅक्यूम चेंबरही नाही. अँटेना उघडण्याची चाचणी तरी नीट कशी घ्यावी?

टाचणी :
व्हॅक्यूमला पर्याय नाही. हवेत कोमट वाटणारा रेग्युलेटर निर्वातात तापतो, कारण उष्णता फक्त स्टँडऑफमधून (बोर्ड टेकवणारे छोटे खांब) आणि प्रारणाने जाते. निदान सर्वात तापणारे तीन भाग थर्मोकपलने शोधून ठेवा. कंपनासाठी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून सांगाड्यापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढा. कुठे हलवून, वाहनातून नेऊन आणलं की बघा : रेघ तुटली तर स्क्रू फिरला.

अँटेना घरातल्या स्टीलच्या मेजरिंग टेपची चालते. ४३७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण १७ सेंमी. नायलॉनच्या दोऱ्याने गुंडाळून बांधायची, दोरा निक्रोमच्या (करंट दिला की तापणाऱ्या) तारेने वितळवायचा. आज बांधून आज उघडली तर काही कळत नाही. दोन आठवडे गुंडाळलेली ठेवा. तोवर दोरा सैल पडून निक्रोमपासून सुटलेला असू शकतो. आणि अँटेना गुंडाळलेली असताना डमी लोडशिवाय (अँटेनाऐवजी जोडायचा रोध) ट्रान्समीटर सुरू करू नका.

कातरवेळ :
त्यात भर : चाचणी थंडीत घ्या, बॅटरी जवळपास रिकामी असताना. थंड बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. निक्रोमचा करंट सुरू होताच व्होल्टेज बसतो आणि कंट्रोलर रीसेट होतो. मानकानुसार उपग्रह रॉकेटमधून बाहेर पडल्यावर ३० मिनिटं काहीही उघडायचं नसतं. हा टायमर प्रत्येक रीसेटला शून्यावरून सुरू होत असेल, तर दर अर्ध्या तासाला प्रयत्न, रीसेट, पुन्हा अर्धा तास. अँटेना कधीच उघडणार नाही. म्हणून उलटलेला वेळ आणि प्रयत्नाचा क्रमांक निक्रोम चालू करण्याआधी फ्लॅश मेमरीत लिहा, आणि दुसऱ्या प्रयत्नाला रेडिओचा सप्लाय तोडून मग करंट सोडा.