कडक उन्हात मोटरहोममधील इन्व्हर्टर तापून बंद पडतो

प्रश्न

आमच्या मोटरहोममध्ये १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालणारा २००० वॅटचा इन्व्हर्टर आहे. त्यावर चालणारा छोटा एअर कंडिशनर साधारण ९०० वॅट घेतो, म्हणजे इन्व्हर्टरवर निम्माही भार नसतो. तरीही बाहेरचे तापमान ४० अंशांवर गेले की वीस-पंचवीस मिनिटांत इन्व्हर्टरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो, अतितापमानाचा दिवा लागतो आणि पुरवठा बंद होतो. थंडीच्या दिवसांत हाच भार त्याने तासन्‌तास पेलला होता. इन्व्हर्टर पलंगाखालच्या बंद कप्प्यात बसवलेला असून बॅटरीपासून तो तीन मीटर दूर आहे. तार तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटरची आहे. प्रवासात माझी वृद्ध आई सोबत असते, त्यामुळे भर दुपारी एअर कंडिशनर बंद पडला की मला फार काळजी वाटते. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर १

मोठा इन्व्हर्टर त्याच कप्प्यात ठेवलात तर तोही तापेल. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी ९०० वॅट देताना तो सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. बंद कप्प्यात पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत राहतो, म्हणून तो कितीही जोरात फिरला तरी उपयोग होत नाही. शिवाय अनेक इन्व्हर्टरची छापील क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि ४० अंशांना ती बरीच कमी होते. माहितीपत्रकात तो आकडा अवश्य पाहा. उद्या दुपारी कप्प्याचे दार पूर्ण उघडे ठेवून तोच भार चालवा आणि किती वेळ टिकतो ते नोंदवा. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवरचा आणि इन्व्हर्टरच्या टोकांवरचा व्होल्टेजही मल्टिमीटरने मोजा. मात्र भार चालू असतानाच मोजा, एरवी दोन्हीकडे सारखाच आकडा दिसेल.

प्रश्नकर्ता

दार उघडे ठेवल्यावर तो पन्नास मिनिटे चालला, पण शेवटी बंद पडलाच. भार चालू असताना बॅटरीवर १२.९ व्होल्ट होते आणि इन्व्हर्टरवर १२.०.

उत्तर २

दुसरा दोष या ०.९ व्होल्टमध्ये आहे. आपल्या भाराला सुमारे ८० अँपिअर प्रवाह लागतो. आपली तार जाऊन-येऊन सहा मीटर होते आणि तिचा रोध साधारण तीन मिलिओहम असतो, म्हणजे तारेत पाव व्होल्टच्या आसपास घट व्हायला हवी. उरलेले ०.६५ व्होल्ट एखाद्या जोडात किंवा फ्यूजच्या धारकात खर्च होत आहेत आणि तेथे ५० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होत आहे. हा जोड इन्व्हर्टरच्या टोकाशीच असेल, तर तांब्यातून ती उष्णता थेट त्याच्या पोटात शिरते. त्यातच व्होल्टेज कमी झाला की तेवढेच वॅट देण्यासाठी इन्व्हर्टर जास्त प्रवाह ओढतो, आणि त्यामुळे जोड आणखी तापतो. मल्टिमीटरची एक टोचणी लगवर (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) आणि दुसरी टर्मिनलवर ठेवून एकेक जोड तपासत जा. दोष सापडल्यावर हात लावण्यापूर्वी बॅटरी पूर्णपणे वेगळी करा. १२ व्होल्टचा धक्का बसत नसला, तरी पाना दोन टोकांना एकदम टेकला तर गंभीर भाजू शकते.

प्रश्नकर्ता

धन टोकावर लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर बसवलेला सापडला आणि त्याखालचा पृष्ठभाग काळवंडलेला होता. पृष्ठभाग घासून लग थेट टर्मिनलवर बसवला, वॉशर नटाखाली घेतला आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) नट आवळला. आता फरक ०.३ व्होल्ट येतो. काल ४१ अंशांत, दार उघडे ठेवून, तो अडीच तास न थांबता चालला.

उत्तर १

वॉशरचा दोष फार वेळा आढळतो, कारण स्टेनलेस स्टील तांब्याच्या तुलनेत विजेचे फारच कमी वहन करते. आता कप्प्याचे काम अर्धवट सोडू नका. थंड हवेची वाट खाली ठेवा आणि गरम हवा बाहेर पडण्याची वाट दुसऱ्या बाजूला, शक्य तितकी वर, इन्व्हर्टरच्या पंख्याच्या दिशेशी जुळवून काढा. दोन्ही वाटा जवळजवळ ठेवल्या तर बाहेर पडलेली हवाच परत आत येते. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज तात्पुरती साठवणाऱ्या भागांचे) आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते, म्हणून इन्व्हर्टर बंद पडत नाही एवढ्यावर समाधान मानू नये.