सत्काराच्या टिपणातील एक वाक्य : शांतिसेनेतील वडील आणि चुकलेले युद्ध

वाघबीळकर

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहतो. माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यानंतर सातारा जिल्ह्यातील गाव सोडून माझ्याकडे राहायला आले. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करावा, असे सोसायटीच्या कार्यकारिणीने ठरवले आहे आणि त्यांचा पाच मिनिटांचा परिचय लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अण्णांच्या नोकरीतील सर्वांत खडतर काळ म्हणजे १९८७ पासून भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत काढलेली जवळजवळ दोन वर्षे. ते त्याविषयी फारसे बोलत नाहीत. मी मात्र गेल्या काही वर्षांत त्यावर मिळेल ते वाचले आहे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला, तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि त्यावर आपल्या सैन्याने देखरेख करावी असे ठरले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत तेच सैन्य एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागले. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली तेव्हा अकराशेहून अधिक जवान गमावलेले होते आणि ज्यासाठी गेलो त्यातले काहीच साधलेले नव्हते. म्हणून टिपणात मी एक वाक्य लिहिले : ‘श्रीलंकेत सैन्य पाठवण्याचा निर्णय चुकीचा होता, आणि त्या चुकीची किंमत अण्णांसारख्या जवानांनी मोजली.’

सचिवांनी टिपण परत पाठवले. सैनिकाचा सत्कारही करायचा आणि तो ज्या युद्धात लढला त्याला चूकही म्हणायचे, हे एका व्यासपीठावर शोभत नाही, तेव्हा तेवढे वाक्य काढावे, असे त्यांचे म्हणणे आहे. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भावाने नेमकी उलट बाजू धरली. युद्ध चुकीचे होते असे तुझेच मत असेल, तर हार नेमका कशाचा घालायचा, असे त्याने विचारले. भरती कोणी जबरदस्तीने केली नव्हती, हेही त्याने ऐकवले. दोघांना माझी एकच गोष्ट पटत नाही, ती म्हणजे दोन्ही भावना एकाच मनात एकाच वेळी असू शकतात. ते वाक्य ठेवावे की काढावे, याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

खारघर टेकडी

ताई, आपला भाऊ आणि आपले सचिव वरकरणी विरुद्ध बोलत असले, तरी दोघांची मूळ समजूत एकच आहे. सैनिक आणि युद्ध ही एकच वस्तू आहे, तेव्हा एक घेतली की दुसरी घ्यावीच लागते, असे दोघेही धरून चालतात. आपल्या राज्यघटनेने तसे धरलेले नाही. युद्धाचा निर्णय निवडून आलेले सरकार घेते, आणि जो तो निर्णय अमलात आणतो त्याचे बोलण्याचे व संघटना करण्याचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा अनुच्छेद ३३ संसदेला देतो. १९५० च्या लष्कर कायद्यात त्याप्रमाणे तरतूद आहे. गणवेशातील माणूस वर्तमानपत्रात पत्र लिहून ‘ही मोहीम मला पटत नाही’ असे सांगू शकत नाही, आणि त्याने तसे सांगू नये हे योग्यही आहे, कारण स्वतःचे राजकीय मत चालवणारे सैन्य कोणत्याही लोकशाहीला परवडणारे नाही. पण मग त्याच्या वाट्याचा प्रश्न विचारायचा कोणी? तो आपणच विचारायला हवा. ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्या नावाने इतरांनाही गप्प बसवणे, हा मला त्या माणसावर दुहेरी अन्याय वाटतो.

अण्णांचे गाव साताऱ्याकडचे आहे, म्हणून एक उदाहरण देतो. तेथील अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची स्मृती आजही जपली जाते. ते युद्ध कोणाचे होते? ब्रिटिश साम्राज्याचे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत येथे वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या, आणि तेथे इंग्रजांचे जे काही चालले होते त्याच्याशी सातारच्या शेतकऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. आज महाराष्ट्रात त्या युद्धाचे समर्थन करणारा माणूस शोधून सापडणार नाही, तरीही त्या गावातील स्मारकापुढे हात जोडताना कोणी अडखळत नाही. उलट खरी अवहेलना युद्धाची बाजू घेणाऱ्या साम्राज्यानेच केली. बसरा येथे १९२९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली.

आणखी एक. युद्धाच्या काळात सरकारला जाब विचारणे म्हणजे जवानांचे मनोधैर्य खच्ची करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९६२ आठवावे. चीनशी लढाई सुरू असताना संसदेचे अधिवेशन तातडीने बोलवा, ही मागणी तरुण अटलबिहारी वाजपेयी यांनी केली, नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला, युद्ध संपलेले नसताना, सभागृहात सरकारवर टीका झाली. त्यामुळे कोणी वाजपेयींना सैन्यविरोधी ठरवले नाही.

वाक्य ठेवावे.

नेरूळचा नायब

मी स्वतः श्रीलंकेत होतो, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता नेरूळला असतो. वरील प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहे, त्यात खोटे काही नाही, तरीही मला तो थोडा लांबून लिहिलेला वाटला.

पलटणीत कोणी परराष्ट्र धोरणासाठी लढत नाही. नाम, नमक, निशान (पलटणीचे नाव, खाल्लेले मीठ आणि ध्वज यांच्याशी इमान) हे आम्हाला शिकवले जाते, आणि प्रत्यक्ष गोळीबार सुरू झाला की त्यातलेही फारसे आठवत नाही. उजवीकडचा आणि डावीकडचा माणूस एवढेच जग उरते. अशा वेळी जो गेला, त्याच्या घरी जाऊन ‘युद्ध चुकीचे होते’ असे म्हटले की म्हातारी आई त्याचा अर्थ ‘तुमचा मुलगा फुकट गेला’ असाच घेते. मुंबईत वाढलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री, शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीला घेरले गेले, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपले आणि मरेपर्यंत ते आदेश देत राहिले. त्या मोहिमेतील परमवीर चक्र एकट्या त्यांना मिळाले. निर्णय चुकला होता म्हणून त्या रात्रीचे मोल कमी होते का? होत नाही. तेव्हा ‘चूक’ हा शब्द वापरायचा असेल तर कोणाची चूक, हे त्याच वाक्यात स्पष्ट असले पाहिजे. ताई, आपल्या वाक्यात ‘निर्णय’ हा शब्द आहे, ही चांगली गोष्ट आहे, पण ऐकणारा माणूस खुर्चीवर बसून अर्धेच ऐकतो.

आता आमच्या बाजूचेही सांगतो. आमच्या हातात वजनदार सेल्फ लोडिंग रायफली होत्या आणि समोरच्यांकडे एके-४७. रस्त्यांत सुरुंग पेरलेले असत. ज्यांना काल आपल्याच लोकांनी प्रशिक्षण दिले होते त्यांच्याशी आज लढायचे होते, आणि ज्या सरकारच्या विनंतीवरून आलो त्याच सरकारने, प्रेमदासा अध्यक्ष झाल्यावर, आम्हाला चालते व्हा म्हणत १९८९ मध्ये एलटीटीईला शस्त्रे पुरवली. परत आलो तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. त्यांच्या तमिळ बांधवांवर आम्ही गोळ्या झाडल्या होत्या, ही त्यांची वेदना मला पुढे कळली, पण त्या दिवशी जहाजावरून उतरणाऱ्या पोराला ती कशी कळावी? आमच्यासाठी स्मारक आधी कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपासून जवळ उभे राहिले. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला २०१९ साल उजाडले.

त्यामुळे युद्धाला विरोध करणाऱ्यांनी आमचा अपमान केला, असे मला म्हणता येत नाही. विरोधक आणि समर्थक या दोघांनाही नंतर आमची आठवण राहिली नाही, हे मात्र नक्की म्हणेन. सैनिकाच्या पाठीशी उभे राहायचे असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एखाद्या वीरपत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद अडले आहेत का, ते जाऊन पाहावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला दहा रुपयांचे तिकीट खिशाला लावण्यापेक्षा ते अवघड आहे, म्हणूनच सांगतो.

माझा सल्ला असा की, वाक्याचा निर्णय आम्ही का करावा? ज्यांचा सत्कार आहे त्यांना विचारा.

कळवा पूल

नायबसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून एक अवघड मुद्दा मांडतो, कारण आतापर्यंतच्या चर्चेत तो सोयीस्करपणे वगळला गेला आहे. आपण सर्व जण ‘निर्णय चुकीचा, जवान निर्दोष’ अशी वाटणी करून मोकळे झालो आहोत. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. लढाईच्या गोळीबारात ते सापडले, अशी आपल्या बाजूची मांडणी होती. तेथील तमिळ लोक त्याला हत्याकांड म्हणतात आणि दर वर्षी त्या दिवसाची आठवण ठेवतात. सैनिकाला पाठिंबा म्हणजे त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीवर पांघरूण, असे झाले तर त्या पाठिंब्याला काही अर्थ उरत नाही.

अमेरिकेत ही गफलत फार मोठ्या प्रमाणावर झाली. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाई गावात अमेरिकी सैनिक नि:शस्त्र गावकऱ्यांना मारत होते, तेव्हा ह्यू थॉम्पसन या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने आपले यान सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवले, आणि आपल्याच लोकांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर त्यांच्यावर गोळी झाडा, असे सहकाऱ्यांना सांगितले. हत्याकांडाबद्दल दोषी ठरलेल्या लेफ्टनंट कॅलीला लोकांची एवढी सहानुभूती मिळाली की जन्मठेप जाऊन काही वर्षांची नजरकैद राहिली. थॉम्पसनला मात्र वर्षानुवर्षे गद्दार समजले गेले आणि सैनिक पदक मिळायला १९९८ उजाडले. दोघेही सैनिकच होते. आपला पाठिंबा त्यांतील कोणाला आहे, हे न सांगता ‘सैनिकांच्या पाठीशी’ असे म्हणणे अपुरे आहे. पुढे २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली तेव्हाही फौजा निघाल्या, आता प्रश्न थांबवा, असेच विरोधकांना ऐकवले गेले, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी स्वारी केली ती सापडलीच नाहीत.

आपल्याकडेही थॉम्पसनच्या जातीची माणसे होती. शांतिसेनेचे सेनापती मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी निवृत्तीनंतर लिहिले आहे की, वाटाघाटींसाठी येणाऱ्या एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन याला पकडा किंवा गोळी घाला, असा निरोप त्यांना राजनैतिक वर्तुळातून आला होता आणि पांढऱ्या निशाणाखाली आलेल्या माणसावर सैनिक गोळी झाडत नाही, या कारणाने त्यांनी तो मानला नाही. पुढच्या घडामोडी माहीत असणाऱ्या अनेकांना तो नकार आजही खटकतो. मला त्यात सैनिकाची इभ्रत दिसते. लष्कर कायद्यातही आज्ञाभंगाचा गुन्हा ‘कायदेशीर’ आज्ञा मोडण्यापुरताच आहे, ही बारीक गोष्ट खारघर टेकडी यांच्या प्रतिसादात यायला हवी होती.

खारघर टेकडी

मान्य. ती यायला हवी होती.

नेरूळचा नायब

रुग्णालयाच्या प्रसंगी मी जाफन्यात नव्हतो, म्हणून त्यावर मी बोलणार नाही. कळवा पूल यांचा मुद्दा मला बोचला, पण खोडता येत नाही.

वाघबीळकर

सर्वांचे आभार. नायबसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे काल रात्री जेवणे झाल्यावर मी टिपण अण्णांपुढे ठेवले. इतके दिवस त्यांना विचारावे असे मला सुचलेच नव्हते, याची लाज वाटली.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. ज्या वाक्यावरून सोसायटीत एवढे रणकंदन झाले, त्यावर ते थांबलेदेखील नाहीत. ‘ते आम्हाला तिथेच समजलं होतं’ एवढेच म्हणाले. त्यांची पेन्सिल टेकली ती दुसऱ्याच ठिकाणी. ‘देशाची हाक येताच अण्णा हसत हसत रणांगणावर गेले’ असे मी सुरुवातीला लिहिले होते, ते त्यांनी सरळ खोडले. रणांगणावर जायचे आहे असे आम्हाला सांगितलेच नव्हते, ते म्हणाले. शस्त्रे गोळा करायची, लोकांना मदत करायची आणि काही आठवड्यांत परत यायचे, अशी समजूत होती, म्हणून त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात दिवाळीला येतो असे लिहिले होते. ते पत्र आईने जपून ठेवले होते, हे मला काल प्रथमच कळले. ‘हे लिही,’ असे त्यांनी सांगितले. मग त्यांच्या सेक्शनमधील (पलटणीतील छोट्या तुकडीतील) तीन नावे त्यांनी मला उतरवून घ्यायला लावली आणि सत्काराच्या वेळी ती वाचली जातील का, असे विचारले. रुग्णालयाविषयी मी विचारले नाही. धीर झाला नाही.

आज सकाळी बदललेले टिपण सचिवांना दिले. ‘चुकीचा निर्णय’ आहे तसाच आहे, त्याखाली दिवाळीचे पत्र आहे आणि शेवटी ती तीन नावे आहेत. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मुलांचा नाच लांबला तर वेळ तीन मिनिटांवर येईल, एवढे सांगून गेले. भाऊ अजून अडून बसला आहे, पण २६ तारखेला येतो म्हणाला आहे.

नेरूळचा नायब

नावे आधी वाचा, बाकीचे वेळ उरल्यास. आणि अण्णांना विचारून सांगा, त्यांची पलटण कोणती, आणि १९८८ च्या अखेरीस ते उत्तर श्रीलंकेतील वावुनियाच्या बाजूला होते का?