थाळी मागितली की टेबल मोरीजवळचं? गोव्याच्या किनारपट्टीवरच्या हॉटेलांत आपण गोवेकर दुय्यम आहोत का?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

डिसेंबरातला शनिवार. पुण्याहून आलेल्या भाच्यांना समुद्र बघत जेवायचं होतं, म्हणून बार्देशातल्या किनाऱ्यावरच्या एका बऱ्यापैकी चालणाऱ्या हॉटेलात गेलो. नाव लिहीत नाही आणि कुणी विचारूही नका. आम्ही पाच जण: मी, ७२ वर्षांची आई, बहीण आणि तिची दोन मुलं. आधी फोन करून टेबल सांगितलं नव्हतं, ही चूक आधीच कबूल.

पावणेएकला पोचलो. समुद्राकडची तीन टेबलं रिकामी, तिन्हींवर ‘रिझर्व्ह्ड’च्या पाट्या. कॅप्टनने आम्हाला आत, मोरीला लागून असलेलं टेबल दिलं. (हात धुवायची मोरी. खायची मोरी, म्हणजे मुशी मासा, असती तर हा धागा काढलाच नसता.) पंधरा मिनिटांनी भाड्याच्या जीपमधून चार पर्यटक उतरले. त्यांनी विचारलं, “टेबल मिलेगा?” आणि कॅप्टनने आमच्या डोळ्यांदेखत पाटी उचलून खिशात घातली. शब्दशः खिशात.

ऑर्डर घ्यायला वीस मिनिटं, ताटं यायला पन्नास. आईने वाढणाऱ्या पोराला विचारलं, “बाबा, जेवण केन्ना येतलें?” तो म्हणाला, “आंटी, हिंदी.” आईचा शनिवार, म्हणून तिला शिवराक (शाकाहारी) ताट. त्यात काय, तर डाळ, पनीर आणि पापड. अरे, खतखतं नको, मुगागाठी नको, अळसांद्याचं तोणाक तरी घाला!

बिल असं: चार फिश थाळ्या १२८०, शिवराक २२०, एक प्लेट सुंगटं (कोळंबी) रवा फ्राय ३८०, पाण्याच्या दोन बाटल्या १२०. झाले २०००. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के, २००. मग जीएसटी ११०. एकूण २३१०. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर कॅप्टन म्हणाला, “कंपल्सरी है सर.” मग मॅनेजर आला. तो आपलाच, बोलण्यावरून डिचोलीकडचा वाटला. एकदम शांतपणे मराठीत म्हणाला, “पात्रांव (शेठ), पाच जणांनी दोन हजारांत पावणेदोन तास टेबल अडवलंत.”

पैसे भरले आणि निघालो. त्या पावणेदोन तासांतली सत्तर मिनिटं आम्ही रिकाम्या ताटलीसमोर बसलो होतो, हे उत्तर मला गाडी पर्वरीला आल्यावर सुचलं. दोनशे रुपये गेले ते गेले, पण ते ‘अडवलंत’ डोक्यातून जात नाही. तुमचा अनुभव काय?

सुशेगाद_पण_उपाशी

डिसेंबरातल्या शनिवारी किनाऱ्याकडं गेलात, तिथंच विषय संपला. आम्ही नाताळ ते नवीन वर्ष म्हापशाच्या पलीकडं गाडी काढत नाही.

खवय्या_४०३

वरच्यांना: म्हणजे किनारा आपला नाहीच, असं म्हणायचंय का? वर्षातले चांगले चार महिने पाहुण्यांना आणि पावसातले कुबट चार महिने आपल्याला?

मांडवीकाठ, तुमच्याशी सहमत. पणजीतल्या जुन्या खाणावळी आठवा. चार खुर्च्यांच्या टेबलावर तीन अनोळखी माणसं जेवत असतात, चौथा येऊन बसतो, कुणाची हरकत नसते. वाढपी हुमण (माशाची आमटी) घेऊन फिरत असतो. तुमचं शीत (भात) कोरडं दिसलं की न विचारता ओततो, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) संपलं की चिमूटभर टाकून जातो. तिथं आमदार आला तरी दुसऱ्याला उठवत नाहीत. समुद्र दिसत नाही, पंखा खडखडतो, पण माणूस आत आल्यावर त्याच्या खिशाचा अंदाज कुणी घेत नाही. किनाऱ्यावरची हॉटेलं दारातच माप घेतात. बायकांच्या अंगावर साडी, सोबत म्हातारं माणूस, गाडीला गोव्याचा जीए नंबर: म्हणजे थाळीवाले. चला मोरीकडं.

तवा_आणि_तराजू

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी २२ वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काढली, वेटरपासून मॅनेजरपर्यंत. आता साळगावात स्वतःची छोटी जागा आहे. त्या मॅनेजरने जे बोलून दाखवलं ते बोलायला नको होतं. पण त्याच्या डोक्यात जे होतं ते चूक नव्हतं.

थाळीत पैसा नसतो. मासळी बाजारात भाव कसा चढतो हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे. जून-जुलैत ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, तेव्हा विचारूच नका. ताटात तळलेला तुकडा, हुमण, सुकं, तिसऱ्या, सोलकडी, वर शीत लागेल तेवढं. खरी कमाई ग्लासातून येते. थाळी असते ती पाटीवर लिहायला. त्यात आम्ही ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेतो, पण त्यात इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर आम्ही भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. जागेच्या भाड्यावर भरलेला १८ टक्के कर आमच्याच अंगावर. आणि किनाऱ्यावर बारा महिन्यांचं भाडं चार-पाच महिन्यांत काढायचं असतं. मग समुद्राकडची तीन टेबलं तुम्ही कुणासाठी ठेवाल? पाच माणसं दोन हजारांत, की चार माणसं दुपारी दीडपासून सूर्य बुडेपर्यंत बसून आठ-दहा हजारांत?

आणि सर्व्हिस चार्जबद्दल. लोकांना वाटतं मालक खातो. खाणारे आहेतही. पण मी जिथं होतो तिथं तो महिन्याच्या शेवटी पॉइंटवर वाटला जायचा. कॅप्टनला जास्त, भांडी घासणाऱ्याला कमी, पण मिळायचा. टिप जाते ती टेबलावरच्या पोराच्या खिशात. आत भट्टीसमोर उभ्या असलेल्या आचाऱ्याला तुम्ही किती खूश झालात ते कळतही नाही.

बिलबुक

वाटणी कितीही न्याय्य असो, बिलात आपोआप घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपणहून लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला त्या हरल्या, वर दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा खर्च बसला. त्या पुढं अपिलात गेल्या, पण म्हणून ‘कंपल्सरी है’ म्हणायची मुभा मिळत नाही.

मांडवीकाठ, तुमच्या बिलात आणखी एक गंमत आहे. ११० रुपये जीएसटी म्हणजे २२०० वर ५ टक्के. सर्व्हिस चार्जवरही कर लावलाय! जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज मिसळून एकूण रकमेवर जीएसटी लावू नका, असं त्याच सूचनांत स्पष्ट आहे. तुमचं बिल २१०० व्हायला हवं होतं. म्हणजे २१० परत मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, बिलाचा फोटो जवळ ठेवा.

खवय्या_४०३

आणि पाण्याची बाटली ६० ला? छापील किंमत त्याच्या निम्मीही नसते.

बिलबुक

तिथं मात्र हॉटेलवाला सुटतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बाटलीसोबत बसायची जागा आणि सेवाही दिली जाते, त्यामुळे तिथं छापील किमतीचं बंधन लागू नाही. मलाही आवडलेलं नाही. पण मग प्रश्न उरतोच: सेवेचे पैसे बाटलीत घेतलेत, तर खाली पुन्हा १० टक्के कशाचे?

तवा_आणि_तराजू

हा मुद्दा बिनतोड. मान्य.

कोल्हापूरचा_पाहुणा

काय राव, तुम्ही दुय्यम असाल तर आम्ही तिय्यम! एमएच ०९ ची गाडी बघितली की पार्किंगवाला दर वाढवतो, टॅक्सीवाला मीटरचं नाव काढत नाही, आणि मासा आणून दाखवला की भाव सांगायच्या आधी आमच्या तोंडाकडं बघतात. मागच्या वर्षी एका शॅकवर दोघं वेटर आपापसात आम्हाला ‘घाटी’ म्हणाले. त्यांना वाटलं कोकणी आम्हाला कळत नाही. ‘घाटी’ कळायला कोकणी कशाला यायला पाहिजे? तुम्हाला निदान मॅनेजर ‘पात्रांव’ तरी म्हणाला.

पेडण्याची_पोळी

बाकी सगळं ठीक, पण ‘आंटी, हिंदी’वरून त्या पोराला या कथेत आणू नका. ही पोरं ओडिशाहून, झारखंडहून, नेपाळहून येतात, आठ-आठ जण एका खोलीत राहतात, हंगाम संपला की परत. आमच्या वाड्यावरच्या निम्म्या घरांतला कुणी ना कुणी जहाजावर नाहीतर आखातात हेच काम करतोय. माझा भाऊ नऊ वर्षं क्रूझवर वाढपी होता. तिथं एखादी म्हातारी इटालियनमध्ये विचारायची, तेव्हा तोही ‘इंग्लिश, मॅडम’ म्हणायचा. आणि घरी फोनवर रडायचा, ते वेगळं.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

त्या पोरावर राग नाही. आईच त्याला नंतर मोडक्या हिंदीत ‘तू जेवला क्या’ विचारत होती. माझं म्हणणं मालकाला आहे. चार शब्द शिकवायला किती वेळ लागतो? ‘येता’, ‘जाता’, ‘रावात’, ‘देव बरें करूं’. रशियन मेन्यूकार्ड छापायला वेळ मिळतोच ना.

तवा_आणि_तराजू, तुमच्या हिशोबात एक घोळ आहे. थाळीवाला अर्ध्या तासात जेवून उठतो. दीडपासून सूर्यास्तापर्यंत एकच टोळकं बसवण्याऐवजी त्याच टेबलावर तुम्ही चार कुटुंबं जेवू घालू शकता. आम्ही पावणेदोन तास बसलो ते तुमच्या स्वयंपाकघरामुळे, आमच्या हौसेने नव्हे.

तवा_आणि_तराजू

कागदावर बरोबर. प्रत्यक्षात आपली माणसं साडेबारा ते दीडमध्ये जेवतात, सगळी एकदम. दोननंतर थाळी मागणारा कुणी येत नाही. पर्यटक अकराला उठतो, तीनला जेवतो. म्हणजे थाळीचं टेबल एकदाच फिरतं, चारदा नाही.

आणि उशीर का झाला तेही सांगतो, न विचारता. दुपारच्या गर्दीत ‘केओटी’ची, म्हणजे ऑर्डरची, चिठ्ठी आत स्वयंपाकघरात गेली की सगळ्या चिठ्ठ्या एका तारेवर लागतात. क्रमाने काढायच्या असतात. पण कॅप्टन आत येऊन ‘चार नंबर पहिले’ म्हणाला की मागच्या चिठ्ठ्या मागेच राहतात. शिवाय टॅक्सीवाले गिऱ्हाईक आणतात, त्यांचं ताट आधी निघतं. ते नाराज झाले तर उद्या गाडी शेजारच्या हॉटेलासमोर थांबते. मी स्वतः ‘चार नंबर पहिले’ ओरडलोय. शेकडो वेळा.

खवय्या_४०३

म्हणजे कबुलीच झाली की!

तवा_आणि_तराजू

कबुली कसली, धंदा सांगितला. कपड्याच्या दुकानात तुम्ही रुमाल घ्यायला गेलात तर शालूचा गठ्ठा उघडतात का?

पेडण्याची_पोळी

नाही उघडत. पण रुमाल घेणाऱ्याला ‘दुकान अडवलंत’ असंही म्हणत नाहीत.

सुशेगाद_पण_उपाशी

‘राइट ऑफ ॲडमिशन रिझर्व्ह्ड’ची पाटी असते ना? मग मालकाने कुणाला कुठं बसवायचं ते त्याचं तो ठरवणार.

बिलबुक

ती पाटी लोकांना वाटते तेवढी मोठी नाही. घटनेच्या कलम १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही. ‘गोव्याचे आहात म्हणून आत येऊ नका’ म्हणाले असते तर तुमची बाजू भक्कम होती. पण ‘बिल कमी होणार म्हणून मागे बसा’ याला कलम नाही. खोटी पाटी लावून टेबल रिकामं ठेवणं हे हलकटपणाचं आहे, पण ते कोर्टात कसं मांडायचं, मला सुचत नाही. २१० रुपयांवर टिकून राहा.

कोल्हापूरचा_पाहुणा

खोट्या पाटीवर उपाय सोपा आहे. ‘किती वाजताचं रिझर्व्हेशन आहे?’ असं विचारायचं. ‘दोनचं’ म्हणाले तर ‘आम्ही दीडला उठतो’ म्हणून बसायचं. बसलेल्या माणसाला उठवायला जिगर लागते.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

पाहुणे, पुढच्या वेळी तुम्हालाच सोबत नेतो.

ताजी खबर: १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी हॉटेलातून फोन आला, तोच डिचोलीचा मॅनेजर. २१० रुपये जीपेवर पाठवले. टेबलाचा विषय मी काढला, तर म्हणाला, “ते वरून सांगितलेलं असतं.” ‘वरून’ म्हणजे कुठून ते नाही सांगितलं. आवाज थकलेला होता, मीही ताणलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आणि पनीरचे?”

तवा_आणि_तराजू

आईंना घेऊन साळगावला या. शनिवारी शिवराक ताट असतं, अळसांद्याच्या तोणाकासकट. पनीर आमच्याकडं घुसू देत नाही.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

येतो. पण आधीच सांगा, टेबल कुठलं मिळणार?

तवा_आणि_तराजू

चारच टेबलं आहेत हो. चारही मोरीजवळ.