अनुभव धागा : कॅसलटन गावाभोवतालच्या पायवाटा

शेफिल्डहून, धागा सुरू करताना

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या होप व्हॅलीत कॅसलटन नावाचं लहानसं गाव आहे. आपल्यापैकी बरेच जण तिथे गाडी लावून मॅम टॉर या डोंगरावर चढतात आणि संध्याकाळी परततात. पण या गावाच्या चहूबाजूंना वाटा फुटतात, आणि त्यातली जवळपास प्रत्येक वाट कुणाच्या तरी खाजगी कुरणातून, शेतातून जाते. तरीही त्यावरून चालायचा हक्क तुमचा-माझा असतो. मला या मुलखातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. म्हणून आग्रहाने सांगते, तुम्ही चाललेल्या वाटांबद्दल इथे लिहा. कोकणातून फिरायला आलेले आई-बाबा असोत की परवाच आलेला विद्यार्थी, सगळ्यांचं ऐकायचंय.

माझी आवडती वाट केव्ह डेलची. गावातल्या घरांमधल्या चिंचोळ्या फटीतून आत शिरलं की दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, आणि डोक्यावर पेव्हरिल किल्ल्याचा बुरूज. खालचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, ओले असले की फार निसरडे, त्यामुळे ही वाट चढायला घ्यावी, उतरायला नको. वर पठारावर आलं की कुरणांतून मॅम टॉर. माथा 517 मीटर, भोवती हजारो वर्षांपूर्वीच्या डोंगरी कोटाचे मातीचे तट. तिथून लूज हिलपर्यंत धार जाते. डावीकडे ईडेलचं खोरं आणि त्यामागे किंडर स्काउटचं पठार, उजवीकडे कॅसलटन, होप आणि सिमेंट कारखान्याची उंच चिमणी. अनेकांना ती चिमणी खुपते. मला नाही खुपत. या खोऱ्यात लोक राहतात, काम करतात.

लीड्सहून

आई साताऱ्याहून आली होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून चढ टाळला. होप स्टेशनला उतरलो आणि पीक्सहोल वॉटर या ओढ्याच्या काठाने कॅसलटनला निघालो. जवळजवळ सपाट वाट, मेंढ्यांची कुरणं, मध्ये मध्ये एका वेळी एकच माणूस जाईल अशी फाटकं. आई तिसऱ्या कुरणात थांबलीच.

"अगं, कुणाच्या रानातनं चाललोय आपण? मालक ओरडंल की."

"नाही ओरडत आई. वाट सरकारी नकाशात आहे."

"आणि त्यानं नांगरून टाकली तर?"

"तर त्यालाच परत करून द्यावी लागते."

ती बराच वेळ बोलली नाही. आमच्या गावात पाणंदीवरून दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं नाही. बांध सरकत सरकत बैलगाडीची वाट माणूसभर रुंद राहिली. आपल्याकडे 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, अडवलेली वाट मोकळी करायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात, आमच्याकडेही अर्ज झाला होता. पण अर्ज केला की नाती तुटतात, म्हणून लोक गप्प बसतात. आई परतताना एवढंच म्हणाली, "हितं वाट कुणाच्या मेहेरबानीवर न्हाई म्हणायची."

शेफिल्डहून

काकूंचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून नियम सांगते. शेताच्या मधून जाणारी पायवाट एखाद्या पिकासाठी पहिल्यांदा नांगरली तर 14 दिवसांत ती पुन्हा किमान एक मीटर रुंद करून, जमिनीवर दिसेल अशी ठेवावी लागते. शेताच्या कडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नसते. वाट बुजलेली दिसली तर स्थानिक कौन्सिलला कळवता येतं, आणि कळवावंच. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशे काढणाऱ्या संस्थेच्या 1:25,000 नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त पायी, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही.

मँचेस्टरहून, विद्यार्थी

गाडी नसलेल्यांसाठी लिहितो. मँचेस्टर-शेफिल्ड रेल्वे थेट ईडेलला थांबते. स्टेशनातून बाहेर पडून हॉलिन्स क्रॉसची खिंड चढायची आणि पलीकडे कॅसलटनला उतरायचं. परतीला होप स्टेशन. अर्ध्या दिवसाचं काम.

मी नाशिकचा, लहानपणापासून घाटवाटा हिंडलोय. त्यामुळे ही खिंड चढताना एकच विचार येत होता, की इथून कोण कशासाठी जात असेल? माहिती काढली. ईडेलला सूतगिरणी होती, कॅसलटनचे कामगार हीच खिंड ओलांडून कामावर जायचे. आणि ईडेलला चर्च बांधलं जाण्याआधी तिथली प्रेतंही याच वाटेने खांद्यावरून पलीकडे न्यायचे. आपल्या नाणेघाटासारखीच ही वाट गरजेपोटी पडलेली आहे.

हिवाळ्यात येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. डोक्याला लावायचा दिवा हवाच.

पुण्याहून

मुलीकडे आलो होतो. भूगर्भशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मॅम टॉरखालचा मोडका रस्ता बघायचा हट्ट धरला. डोंगर शेल (चिखलापासून बनलेला ठिसूळ खडक) आणि वालुकाश्माच्या आलटून पालटून थरांचा. पाणी शिरलं की शेल ढिला होतो आणि कडा सरकतो. पायथ्याशी मँचेस्टरला जाणारा रस्ता होता, तो पुन्हा पुन्हा खचत राहिला, दुरुस्त होत राहिला, आणि 1979 साली कायमचा बंद झाला. आता तिथे पायी चालता येतं. डांबराच्या एकावर एक थापलेल्या थरांची जाडी उघडी पडली आहे, रस्त्याची पांढरी रेघ मध्येच तुटून माणसाच्या उंचीएवढी खाली गेली आहे. मी तासभर तिथेच होतो. गंमत म्हणजे अगदी जवळच विनॅट्स पासमध्ये चुनखडी सुरू होते आणि सगळा देखावाच बदलतो. एवढ्याशा परिसरात दोन वेगळे खडक, दोन वेगळ्या भूमी. विद्यार्थ्यांना घेऊन यावं अशी जागा.

स्टॉकपोर्टहून

हक्काचा विषय निघालाच आहे तर पश्चिमेकडच्या हेफिल्ड गावाबद्दल लिहायलाच हवं. किंडर स्काउटचं पठार तेव्हा जमीनदारांच्या ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, सामान्यांना बंदी. 24 एप्रिल 1932 ला हेफिल्डजवळच्या बोडन ब्रिज खाणीत मँचेस्टरकडचे गिरणी-कारखान्यांतले तरुण जमले आणि बंदी मोडून वर गेले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगवास झाला, मोहिमेचे पुढारी बेनी रॉथमन त्यांतले. शिक्षेचा राग इतका पसरला की चळवळीने जोर धरला. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मोकळ्या माळरानावर हिंडायचा हक्क मिळायला मात्र 2000 चा कायदा यावा लागला.

खाणीच्या जागी आता वाहनतळ आहे, दगडावर स्मृतिफलक लावलाय. मी दर एप्रिलमध्ये मुलांना घेऊन तिथून किंडरवर जातो. मिठाच्या सत्याग्रहानंतर दोन वर्षांनी हे घडलं, हे त्यांना मी आवर्जून सांगतो.

डर्बीहून

एक कळकळीची सूचना. वासरं बरोबर असलेल्या गायींच्या कळपातून जाताना सावध राहा, विशेषतः कुत्रा बरोबर असेल तर. कळपाला लांबून वळसा घालावा. गायी अंगावर आल्या तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, तो पळून जातो आणि तुम्ही सुटता. मार्च ते जुलै माळरानावर कुत्रा आखूड दोरीने बांधलेला असणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो हंगाम. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, बंद होतं तर बंद.

बर्मिंगहॅमहून

माझा मुलगा व्हीलचेअरवर असतो. कॅसलटनच्या वाटांवर कुंपण ओलांडायच्या दगडी पायऱ्या आणि अरुंद फाटकं इतकी आहेत, की आम्हाला तिथलं फार थोडं मिळालं. हक्क सगळ्यांचा म्हणताना हे विसरू नये, अशी विनंती. आम्हाला मोकळेपणा मिळाला तो बेकवेलजवळच्या मॉन्सल ट्रेलवर. 1968 मध्ये बंद झालेला रेल्वेमार्ग, आता जवळपास चौदा किलोमीटरची सपाट, रुंद वाट. 2011 पासून जुने बोगदेही खुले झाले, आत दिवे आहेत. मुलगा बोगद्यात "गणपती बाप्पा" ओरडला, आणि पुढच्या अनोळखी आजोबांनी थांबून प्रतिध्वनी संपेपर्यंत ऐकलं.

लेस्टरहून

सुरुवातीला मला या वाटांवर परकं वाटायचं. पबमध्ये शिरताना तर हमखास. मग काही मैत्रिणींनी मिळून जायचं ठरवलं, बरोबर दशम्या, चटणी, थर्मासात चहा. आता समोरून येणाऱ्याला आम्हीच आधी "मॉर्निंग" म्हणतो. नवीन आलेल्या मुलींनो, एकटं जायचा धीर होत नसेल तर इथे लिहा, आमच्या बरोबर चला.

शेफिल्डहून

लेस्टरच्या ताईंचं बोलावणं उचलून धरते. 29 मे ला कॅसलटनमध्ये गारलंड डे असतो. फुलांचा घंटेच्या आकाराचा मोठा सांगाडा खांद्यांवर घेतलेला "राजा" घोड्यावरून गावभर फिरतो, शेवटी तो सांगाडा चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. त्या दिवशी सकाळी होप स्टेशनवरून ओढ्याकाठच्या वाटेने निघू, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांनाही येता येईल. बर्मिंगहॅमच्या दादा, मॉन्सल ट्रेलसाठी वेगळा दिवस ठेवू. तुम्हाला सोयीचा रविवार कळवा.